खोल पाण्यात जागच्या जागी राहायचं कसं: उभ्या पोहण्याची तयारी, टप्पे आणि नेहमीच्या चुका

टँकच्या चार-सहा फेऱ्या न थांबता मारणाऱ्या माणसाला खोल बाजूला नेऊन ‘आता काठ न धरता दोन मिनिटं इथंच राहा’ म्हटलं, की बऱ्याचदा अर्ध्या मिनिटात त्याचा दम उखडतो. पुढं पोहताना अंग आडवं असतं आणि वजन पाणीच पेलतं. उभं राहिल्यावर तो आधार जातो. म्हणून उभं पोहणं वेगळं शिकावं लागतं, आणि आपल्याकडं ते सहसा शिकवलं जात नाही. विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेला पोरगा डबा सुटला की थेट पलीकडच्या कडेला हात मारत जातो. नदीत, विहिरीत किंवा पुराच्या पाण्यात अडकल्यावर मात्र कामाला येतं ते हेच: मदत येईपर्यंत नाक-तोंड पाण्याबाहेर ठेवणं.

चुकतं ते क्रमात. बहुतेक जण आधी पाय झाडायला लागतात, मग हात, आणि श्वासाची आठवण दम लागल्यावर होते. इथं क्रम उलटा आहे. आधी श्वास, मग तरंगणं, मग हात, मग पाय. त्यानंतर सगळं एकत्र, मग भीतीचा सराव, आणि शेवटी कपड्यांसह. एकही टप्पा गाळू नका.

## आधी हे समजून घ्या: उचलायचं किती असतं?

छाती भरून श्वास घेऊन पाण्यात सरळ उभं राहिलात आणि हातपाय अजिबात हलवले नाहीत, तर बहुतेकांच्या बाबतीत पाण्याची रेघ डोळ्यांच्या आसपास येऊन थांबते. माणूस दगडासारखा तळाला जात नाही. म्हणजे तुमचं सगळं काम काय, तर डोळ्यांपर्यंत आलेलं पाणी हनुवटीपर्यंत खाली आणायचं. चार-सहा बोटांचं अंतर. हातापायांच्या अगदी हलक्या हालचालीनं ते भागतं.

आता लोक काय करतात ते पाहा. भीतीनं खांदे बाहेर काढायला बघतात, हात वर करून हाका मारतात. माणसाचा एक हात खांद्यापासून धरला तर शरीराच्या वजनाच्या साधारण ५ टक्के भरतो. ७० किलोच्या माणसानं दोन्ही हात बाहेर काढले, की पाणी पेलत होतं ते सात किलो वजन एकदम पायांवर येतं. डोकंही साडेचार-पाच किलोंचं असतं. जेवढं अंग पाण्याबाहेर, तेवढं ओझं तुमच्यावर, हा हिशेब पक्का लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट तालमीत जाणाऱ्यांसाठी. स्नायू पाण्यापेक्षा जड असतात आणि चरबी हलकी. त्यामुळे कसलेल्या अंगाचा पैलवान थुलथुलीत माणसापेक्षा जास्त खोल बसतो, त्याचे पाय तर लगेच खाली जातात. त्यात नदी-विहिरीचं पाणी गोडं. समुद्राचं खारं पाणी जेवढं उचलून धरतं, तेवढं हे धरत नाही. मालवणला आरामात तरंगलो, म्हणून पंचगंगेतही तरंगू असं समजू नका.

## तयारी

शिकायची जागा एकच: जीवरक्षक असलेला, तळ दिसणारा टँक. कोल्हापुरातला रंकाळा तलावाकाठचा अंबाई टँक असो की दुसरा कुठला, दोन गोष्टी पाहून घ्या. उथळ बाजूला छातीएवढं पाणी हवं आणि खोल बाजूला हाताशी धरता येईल असा काठ हवा. पहिले धडे रंकाळ्यात, कळंब्याच्या तलावात किंवा पंचगंगेच्या घाटावर नकोतच. तिथं तळ दिसत नाही, गाळ असतो, जलपर्णी पायाला वेढते.

काठावर एक माणूस हवा. त्याला पोहता येत असावं, त्याचं लक्ष तुमच्यावर असावं, मोबाइलमध्ये नसावं, आणि त्याच्याजवळ दोर किंवा हवा भरलेली ट्यूब असावी.

मिसळ चापून थेट टँकवर येऊ नका. भरल्या पोटी मळमळतं आणि श्वास खोल जात नाही. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. जोर-बैठका मारून लगेच पाण्यात उतरलात तर दमलेल्या पोटरीत गोळा येण्याची शक्यता वाढते. फिट येण्याचा त्रास असेल किंवा हृदयाचं दुखणं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोल पाण्याचा सराव करू नका. दारू प्यायलेल्या माणसाला तर पाण्याच्या जवळही जाऊ देऊ नका.

सावध: पाण्यात जायच्या आधी ‘दम वाढावा’ म्हणून भराभर वीस-तीस मोठे श्वास घ्यायची सवय काहींना असते. ती सोडा. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि श्वास घेण्याची ओढच उशिरा लागते. माणूस पाण्याखाली, काही जाणवायच्या आत बेशुद्ध होऊ शकतो.

## टप्पा १: श्वास (छातीएवढ्या पाण्यात)

छाती भरून श्वास घ्या, गुडघे पोटाशी घ्या आणि पाण्यात गोळा होऊन राहा. पाठ पाण्याच्या वर येईल. आता त्याच अवस्थेत सावकाश सगळा श्वास सोडा. अंग खाली जायला लागेल. हे दोन-चार वेळा करा. तुमची ट्यूब तुमच्याच छातीत आहे, हे अंगाला एकदा कळावं लागतं. नुसतं सांगून ते पटत नाही.

मग लय बसवा. तोंडानं झटकन मोठा श्वास आत. क्षणभर धरा. थोडासाच सोडा. लगेच पुन्हा आत. छाती कधीही पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही. जमिनीवर दम लागला की आपण मोठा उसासा सोडतो. पाण्यात तो उसासा टाकला, की पुढच्या क्षणाला पाणी नाकापर्यंत येतं.

तपासा: गुडघे वाकवून पाणी खालच्या ओठाला टेकेल इतके खाली बसा आणि याच लयीत वीस श्वास घ्या. मान ताठ होत असेल किंवा हनुवटी वर उचलली जात असेल, तर पुन्हा करा.

## टप्पा २: पाठीवर तरंगणं

ही विश्रांतीची जागा आहे. उभं पोहताना थकलात की इथंच यायचं असतं. म्हणून पायांच्या आधी हे शिकायचं.

कान पाण्यात बुडू द्या. बहुतेकांची चूक इथंच होते: कानात पाणी जाईल म्हणून डोकं उचलतात, आणि डोकं उचललं की कंबर खाली जाते. हनुवटी आभाळाकडं, हात खांद्याच्या रेषेत पसरलेले, छाती भरलेली. पाय खाली गेले तर जाऊ द्या. अंग तिरकं राहिलं तरी चालतं. तोंड बाहेर आहे ना, मग झालं.

तालमीतल्या पोरांना हा टप्पा सगळ्यात अवघड जातो. अशाच एका तगड्या पोराला पाठीवर झोपवलं, तर पाय खाली जायला लागताच तो ओरडला, “ओ सर, खाली वडतंय की मला कोणतरी!” त्याच्या मानेखाली माझी दोनच बोटं होती. “कोण न्हाई वडत. दम सोडलास तू. भर छाती,” म्हटल्यावर त्यानं श्वास घेतला, आणि मान बोटांवरून आपोआप उचलली गेली. पाय तिरके लटकतच राहिले, पण तोंड काही बुडालं नाही.

ब्रिटनची आरएनएलआय ही समुद्रात जीव वाचवणारी संस्था अचानक पाण्यात पडलेल्यांना हेच सांगते: लगेच पोहायला लागू नका, आधी तरंगा. थंड पाण्याचा पहिला धक्का साधारण मिनिट-दीड मिनिटात ओसरतो आणि श्वास ताब्यात येतो. मग पुढचं काय ते ठरवा.

तपासा: कोणाचा हात न लागता एक मिनिट पाठीवर राहता आलं पाहिजे. तोवर खोल बाजूला जायचं नाही.

## टप्पा ३: हात

हातांनी पाणी खाली दाबायचं नाही, ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना. पाणी खाली दाबलं की अंग वर उसळतं खरं. पण पुढचा दाब देण्यासाठी हात वर आणावे लागतात, आणि तेवढ्यात अंग पुन्हा खाली जातं. असं वर-खाली होत माणूस मिनिटभरात दमतो.

हात आडवे फिरवायचे. कोपरं अंगाजवळ, थोडी वाकलेली, पंजे पाण्याखाली छातीच्या उंचीवर. गवंडी गिलाव्यावरून थापी फिरवतो, तेव्हा ज्या बाजूला थापी चालली त्या बाजूची कड किंचित उचललेली असते. तळवा तसाच ठेवायचा. बाहेर जाताना करंगळीची कड वर, आत येताना अंगठ्याची कड वर. हालचाल सलग राहिली पाहिजे, टोकाला गेल्यावर थांबायचं नाही. बोटं जुळलेली पण सैल, मनगट घट्ट.

छातीएवढ्या पाण्यात पाय उचलून, गुडघे थोडे वाकवून, फक्त हातांवर राहून पाहा. बरोबर जमलं तर तळव्यांखाली एकसारखा दाब लागतो आणि पाण्यावर फेस उठत नाही. फेस आला म्हणजे हात वर आलेत किंवा तुम्ही पाणी बडवताय.

तपासा: फक्त हातांवर ३० सेकंद, आणि खांदे कानांकडं न चढता.

## टप्पा ४: पाय

पायांच्या पद्धती तीन. सायकल मारल्यासारखे पाय सगळेच मारतात, पण त्यात पाणी मागं-पुढं ढकललं जातं आणि वर उचलण्याचं काम कमी होतं. दुसरी पद्धत कात्रीची: एक पाय पुढं, एक मागं, आणि दोन्ही एकदम जवळ. शिकायला सोपी, पण दोन झटक्यांमध्ये अंग थोडं खाली जातं. तिसरी पद्धत वॉटरपोलोचे खेळाडू आणि जीवरक्षक वापरतात. त्यात दोन्ही पाय आळीपाळीनं गोल फिरतात, आणि एक पाय नेहमी काम करत असल्यानं अंग एका उंचीवर स्थिर राहतं. शिकायला वेळ लागतो, पण एकदा बसली की हात मोकळे राहतात.

ती आधी जमिनीवर शिका. टेबलाच्या किंवा स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडेवर बसा. मांड्या आडव्या, गुडघे कमरेपेक्षा रुंद फाकलेले. आता एका पायाची टाच मागं कडेखाली घ्या, पाऊल बाहेरच्या बाजूला वळवा आणि बोटं नडगीकडं ओढून धरा. तिथून पाय बाहेर, मग पुढं, मग आत असा फिरवून टाच परत मागं आणा. वरून पाहिलं तर उजवा पाय घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो आणि डावा घड्याळाच्या दिशेनं. आधी एकच पाय, मग दुसरा, मग आळीपाळीनं. दोन्ही पाय एकदम फिरले तर ते बेडूक-पोहणं झालं.

पाण्यात उतरल्यावर चुका ठरलेल्या असतात. पाऊल सरळ, ताणलेलं राहतं, त्यामुळे ते पाणी कापतं, ढकलत नाही. गुडघे जवळ येतात. पाठ पुढं वाकते. सगळ्यात जास्त दिसते ती घाई. पाय जोरात फिरवले की जास्त वर राहू, असं वाटतं. वर राहणं पावलाच्या कोनावर आहे. कोन चुकलेला असेल तर वेग वाढवून फक्त दम जातो.

काठाकडं तोंड करून, दोन्ही हातांनी काठ धरून खोल बाजूला सराव करा. पाय बरोबर फिरायला लागले की काठावरचा भार आपोआप हलका होतो. मग एक हात सोडा. मग दुसऱ्या हाताची फक्त दोन बोटं टेकवून ठेवा.

सावध: या पद्धतीत गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो. कुस्तीत गुडघा दुखावलेला असेल, तर कात्रीनंच भागवा. दुखणं अंगावर काढून गोल पाय शिकण्यात काही फायदा नाही.

## टप्पा ५: सगळं एकत्र

खोल बाजूला, काठापासून हातभर अंतरावर. आधी पाठीवर तरंगा, श्वासाची लय लावा. मग पाय खाली सोडून हात सुरू करा आणि शेवटी पाय. थकलात की उलट क्रमानं परत पाठीवर. हा बदल, उभं ते पाठीवर आणि पाठीवरून उभं, न अडखळता झाला पाहिजे. दहा मिनिटं सलग उभं पोहणारा आणि पाठीवर येऊ न शकणारा माणूस मला सुरक्षित वाटत नाही. दोन मिनिटं उभा, एक मिनिट पाठीवर असं आलटून पालटून करणारा वाटतो.

वेळ हळूहळू वाढवा. आधी ३० सेकंद, मग एक मिनिट, मग दोन. दोन मिनिटं सहज झाली की हात पाण्याखालीच छातीशी बांधून फक्त पायांवर राहून पाहा. अमेरिकन रेड क्रॉसच्या जीवरक्षक प्रशिक्षणात प्रवेश मिळवायला हात न वापरता दोन मिनिटं राहावं लागतं, यावरून अंदाज घ्या.

तपासा: उभे असताना कोणाशी तरी चार वाक्यं बोला. वाक्य मध्येच तुटत असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त जोर लावताय. निम्मा जोर कमी करा आणि पाहा, तोंड तेवढंच बाहेर राहतं की नाही.

गोळा आला तर: पाय झाडू नका. मोठा श्वास घेऊन पाठीवर या, पायाची बोटं हातानं धरून नडगीकडं ओढा आणि गोळा सुटेपर्यंत धरून ठेवा. एका हातानं पाणी फिरवत राहा.

## टप्पा ६: भीतीचा सराव

शरीर तयार झालं तरी माणूस बुडू शकतो, कारण घाबरल्यावर श्वास उथळ आणि भरभर होतो. छाती अर्धी रिकामी राहते, अंग खाली जातं, भीती वाढते, श्वास आणखी उथळ होतो. हे चक्र श्वासापाशीच तोडता येतं. हातपाय जोरात मारून ते आणखी वेगात फिरतं.

टँकमध्येच, जीवरक्षकाला सांगून, एकेक त्रास मुद्दाम सोसा. चष्मा काढून उभे राहा. सोबत्याला तोंडावर पाणी उडवायला सांगा; पाणी आलं की तोंड मिटून नाकानं फुंकायचं, मग श्वास. थोडं पाणी घशात गेलं तर पाठीवर येऊन खोका, उभ्यानं खोकू नका. एकदा डोळे मिटून मिनिटभर राहा. आणि शेवटी काठावरून पाय खाली ठेवून पाण्यात पडा, वर आल्यावर लगेच पाठीवर जा.

खोलीची भीती वेगळी असते. पाच फुटांत मजेत असणारा माणूस विहिरीच्या काळ्या पाण्याकडं बघून थिजतो. पाणी खोल झालं म्हणून अंग जड होत नाही. सहा फुटांत जितकं तरंगता तितकंच साठ फुटांवरही तरंगता. हे कळण्यासाठी खाली बघणं सोडा. काठावरची एखादी स्थिर वस्तू निवडा, तिच्याकडं बघा आणि श्वास मोजा, दहापर्यंत, मग पुन्हा एकपासून. ‘किती वेळ झाला’ हे मोजू नका. घड्याळ मोजणारा लवकर थकतो, कारण त्याचं लक्ष मदत अजून आली नाही याकडं असतं.

## टप्पा ७: कपड्यांसह

अपघात पोहण्याच्या चड्डीत होत नाहीत. एकदा जुनी पँट-शर्ट घालून, उथळ बाजूपासून सुरुवात करून, हाच क्रम करा. कपडे पाण्यात असताना फारसे खाली ओढत नाहीत, उलट सुरुवातीला हवा धरून ठेवतात. पण हालचाल जड होते, आणि बाहेर चढताना भिजलेल्या कपड्यांचं सगळं वजन हातांवर येतं. म्हणून कपडे काढायची झटापट करू नका. जड बूट मात्र सोडा. साडी किंवा धोतर पायात गुंतत असेल तर पाय थांबवा, पाठीवर या आणि हातांवर राहा.

## टँकबाहेर: विहीर, नदी, बंधारा

विहीर. उतरण्याआधी वर यायची वाट बघा. पायऱ्या नसतील तर दोर आधी बांधा. उसाला पाणी सुरू असेल तर विहिरीत उतरू नका; मोटरच्या खराब वायरमधून पाण्यात करंट उतरतो. नुसतं स्टार्टरचं बटण दाबून भागत नाही, मेन स्विच खाली करा. शिवाय एप्रिल-मे महिन्यांतही विहिरीचं पाणी वरच्या थराखाली गार असतं, आणि पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं ओढून घेतं. दात वाजायला लागले की बाहेर या.

नदी. वाहत्या पाण्यात उभं राहू नका. पाय दगडात किंवा झुडपात अडकला तर प्रवाह तुम्हाला तिथंच पुढं वाकवून दाबून धरतो. पाठीवर या, पावलं प्रवाहाच्या दिशेला पुढं आणि पृष्ठभागाजवळ ठेवा, आणि तिरकं काठाकडं सरका. पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीत आणि पुढं पंचगंगेत पाणी चढतं. शहरात ऊन पडलं असलं, तरी घाटावर उतरण्याआधी धरणाची बातमी पाहा.

बंधारा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या वर किंवा खाली पोहायचंच नाही. वरच्या बाजूला, बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढलेल्या गाळ्यांकडं पाणी जोरात ओढतं. खालच्या बाजूला पडणारं पाणी माणसाला पुन्हा पुन्हा आत फिरवतं. शिवाय त्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे ते अंग पेलत नाही. तिथं कितीही चांगलं उभं पोहता आलं तरी उपयोग नाही.

## काठावर थांबलेल्यासाठी

बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही आणि हात हलवत नाही. तो उभं पोहत असल्यासारखाच दिसतो. फरक असा: उभं पोहणारा तुमच्या प्रश्नाला उत्तर देतो. बुडणाऱ्याचं डोकं मागं कललेलं असतं, तोंड पाण्याच्या पातळीवर वर-खाली होतं, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतात आणि पाय काहीच काम करत नसतात. शंका आली की हाक मारा. उत्तर नाही आलं तर लगेच हालचाल करा. वेळ असतो तो २० ते ६० सेकंदांचा.

उडी मारू नका. दोर, ट्यूब, बांबू, रिकामा कॅन, काहीच नसेल तर गाठ मारलेली साडी फेका. स्वतः पोटावर आडवे होऊन द्या, नाहीतर तो तुम्हाला ओढून घेईल. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला ११२ किंवा १०८ लावायला सांगा.

बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं धरणं, गरगर फिरवणं हे प्रकार गावोगाव अजून चालतात. त्यात मोलाचा वेळ जातो, आणि पोटातलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. श्वास चालू आहे का ते पाहा. नसेल तर आधी तोंडानं श्वास द्या, मग छातीवर दाब, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, ओले कपडे काढून कोरड्या चादरीत गुंडाळा. तो उठून बसला, बोलायला लागला, तरी त्याला एकटा घरी पाठवू नका. खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल किंवा ग्लानी येत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.